चाळीस दिवसांच्या आत

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला विषय दिला होता ‘विज्ञान आणि आपला समाज’. त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा आपण टाळ्याही वाजवल्या आहेत. आज तेच पुन्हा बोलावे असे वाटेना. म्हणून चिटणीस साहेबांची परवानगी घेऊन आज माझ्या घरी घडलेली एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात विज्ञान आहे, आपला समाज आहे, आणि एका विज्ञानशिक्षकाची फजिती आहे. तो विज्ञानशिक्षक मी.

२०१७ सालचा जुलै महिना. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठावर, आणि पावसाळ्यात तेथून तालुक्याला जायचे म्हणजे काय हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई कुवेतला. ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण सुखरूप झाले, मुलगी झाली, वजन दोन किलो चारशे ग्रॅम. मी तिच्या उजव्या कानात अजान दिली, डाव्या कानात इकामत म्हटली. तिसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी घरी आल्या. पेढ्यांचे दोन खोके मीच वाटले.

त्याच दिवशी दुपारी गावातली आशाताई घरी आली. सरकारी नियमाप्रमाणे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन पाहायचे असते. माझ्या पत्नीने तिला पडवीतूनच सांगितले, “बाळ निजलंय गं. आणि आमच्यात चाळीस दिवस बाहेरच्याला दाखवत नाहीत.” आशाताई छत्री मिटून तशीच दोन मिनिटे उभी राहिली. मी तेथेच खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर करून मी तिला चहा घेणार का एवढे विचारले. बाळाला पाहून जा, असे मात्र म्हणालो नाही. तीस वर्षे मी नववी-दहावीला सूक्ष्मजीवांचे प्रकरण शिकवले आहे. फळ्यावर जंतूंच्या आकृत्या काढल्या आहेत. पण त्या दुपारी मला त्यातले काहीही आठवले नाही. आठवले असते तरी घरातल्या बायकांच्या कामात पुरुषाने बोलू नये, असे म्हणून मी गप्पच बसलो असतो.

पाचव्या दिवशी बाळ फार शांत झाले. रडणे नाही, कुरकुर नाही. शेजारच्या बायका बघायला येत (त्यांना चाळीस दिवसांचा नियम नव्हता, तो फक्त आशाताईला होता) आणि म्हणत, किती गुणाची पोर आहे. आम्हालाही कौतुक वाटे. दूध ओढताना ती दोन घोट घेई आणि झोपी जाई. माझी मुलगी म्हणाली, “अम्मी, ही काल नीट प्यायची, आज पीत नाही.” तिला उत्तर मिळाले की तुझे पहिलेच आहे, तुला काय कळते.

पालकहो, आज मी जे काही सांगणार आहे त्यातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. आधी नीट पिणारे बाळ पिईनासे झाले, ही तान्ह्या बाळाची हाक असते. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो, अंग दुखते, तो कण्हतो, सांगतो. आठवड्याच्या बाळाजवळ यांपैकी फारसे काही नसते. त्याला ताप येईलच असे नाही. उलट पुष्कळदा त्याचे अंग गार पडते. ते गळून जाते, हलवले तरच हलते, दूध सोडते, श्वास जोरात घेते. जंतू रक्तात शिरून सर्व शरीरभर पसरतात, त्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. त्या वयात रोगाशी लढण्याची शक्ती अपुरी असल्याने सकाळी बरे दिसणारे मूल रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकते. आम्ही ज्याला गुण म्हणत होतो ती ग्लानी होती.

सहाव्या दिवशी हातपाय गार लागले. पाऊस कोसळत होता, तेव्हा गारठ्याने असेल म्हणून दुपट्यावर दुपटे गुंडाळले. पत्नीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. संध्याकाळी मी एका डॉक्टरांकडे बाळाला नेले. त्यांनी दुपटे न सोडताच सर्दी आहे असे सांगितले आणि थेंब लिहून दिले. मलाही ते बरेच वाटले, कारण मला तेच ऐकायचे होते.

रात्री इशाच्या नमाजनंतर मी पेशइमाम साहेबांना पाणी दम करून मागितले. त्यांनी बाटली हातात घेतली, बाळाचे विचारले, आणि मला म्हणाले, “मास्तर, दम मी करतो, दुआही करतो. पण तुम्ही आधी गाडी काढा. दूध पीत नाही म्हणता आणि अजून घरीच ठेवलंय?” आपल्याकडे असा समज आहे की मौलवी एका बाजूला आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला. त्या रात्री मशिदीच्या पायरीवर विज्ञानाची बाजू इमाम साहेबांनी घेतली होती आणि विज्ञानाचा शिक्षक पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मी घरी आलो. पाऊस होता, घाटात झाड पडल्याची बातमी होती. सकाळी बघू, असे ठरले. ते ठरवणाराही मीच.

सकाळी साडेआठला आशाताई आली. सातवा दिवस होता, तिच्या वहीत तारीख होती म्हणून ती आली. तिसऱ्या दिवशी दारातून परत पाठवल्याचा राग तिने धरला असता तर आज ही गोष्ट सांगायला मी येथे उभा नसतो. तिने साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, बाळाला पूर्ण उघडे केले. सहा दिवसांत पूर्ण उघडे करून नीट पाहणारी ती पहिलीच. पोट दिसेल असे धरून घड्याळ लावून तिने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चौऱ्याहत्तर. पुन्हा मोजले, बहात्तर. शांत पडलेल्या तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर ते धोक्याचे समजतात. काखेत थर्मामीटर लावला, ३५.२ अंश सेल्सिअस. नाळेच्या बुडाशी लाली आणि थोडा ओलसरपणा होता. तिने थर्मामीटर पुसून ठेवला आणि माझ्या पत्नीकडे न बघता मला म्हणाली, “सर, एकशे आठला फोन लावा. घरात ठेवायचं नाही.” ही मुलगी आमच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. माझ्या वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि विज्ञानात तिला बेताचेच गुण असत.

तालुक्याहून जिल्ह्याला, असा तो प्रवास मी सांगत बसत नाही. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालायला आशाताईने शिकवले होते. तसे धरल्याने ऊब टिकते. दुपारी तीनला आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षात पोहोचलो. दारातच सिस्टरने मला अडवले. घड्याळ काढा, अंगठी काढा, चपला बाहेर, बाह्या वर. मी घाईघाईने नळाखाली हात धरले तर म्हणाली, “असे नाही. पुन्हा.” तिने तीनदा मला हात धुवायला लावले, तेव्हा कोठे आत सोडले.

हात धुण्याचा इतिहास मी मुलांना दरवर्षी सांगत असे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले की, ज्या विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात तेथे बाळंतरोगाने जास्त बायका मरतात. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. मे महिन्याच्या मध्यापासून त्याने सर्वांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, आणि जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनवर आले. असे रोग जंतूंमुळे होतात, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. आणि डॉक्टरमंडळींनी त्याचे ऐकले नाही, कारण आपल्याच हाताने रोग जातो हे मान्य करणे त्यांना अपमानाचे वाटले. हा धडा मी फार रंगवून सांगत असे. पण आमच्या घरी बाळाला घ्यायला येणाऱ्या एकाही माणसाला मी साबणाची वडी दाखवली नव्हती.

बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवले, प्राणवायू लावला, केसांएवढ्या शिरेत सुई गेली. नाव ठेवलेले नसल्याने कागदावर तिची ओळख होती ‘अमुकची बेबी’. त्याच दिवशी आमच्याकडे अकीका करायचा होता, बकरे सांगून ठेवले होते. रक्त तपासणीला गेले. रक्तातला जंतू वाढवून ओळखायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर थांबता येत नाही. म्हणून नेहमी उपयोगी पडणारी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन औषधे लगेच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारले, पाठीतले पाणी काढून तपासू का? जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला आहे का हे त्याशिवाय कळत नाही, आणि गेला असेल तर औषध जास्त दिवस द्यावे लागते. येथे आमच्या घरातला दरबार भरला. माझी थोरली बहीण म्हणाली, पाठीचे पाणी काढले की पोर पांगळी होते. व्याहीमंडळींचे म्हणणे, मुलाला विचारल्याशिवाय सही नको. जावयाला कुवेतला फोन लावला, तो रडत होता. बिचाऱ्याला काय कळणार? मी मधल्यामध्ये. डॉक्टरबाई वयाने लहान, पण त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पाठीच्या कण्याचे चित्र काढून दाखवले, की मज्जारज्जू येथे संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. चित्र पाहून मला समजले. तरी हात पेनाकडे जाईना. तेवढ्यात माझी मुलगी खाटेवरून उतरून आली. आठ दिवसांची बाळंतीण. म्हणाली, “अब्बा, सही मी करते. आई मी आहे.” आणि तिने केली. तिच्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी, लग्न ठरले आहे तर आता परीक्षा कशाला, असे आमच्याच घरात बोलले गेले होते. मी तेव्हा तिच्या बाजूने उभा राहिलो होतो. या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे.

पाण्यात दोष निघाला. मेंदूच्या आवरणालाही संसर्ग झाला होता. रक्ताचा अहवाल चौथ्या दिवशी आला. जंतूचे नाव क्लेब्सिएला, आणि सुरू असलेल्या दोन्ही औषधांना तो दाद देत नव्हता. औषध बदलले, वरच्या दर्जाचे आले.

हा जंतू औषधाला दाद का देत नाही, हे मी डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “सर, हे आपण सगळ्यांनी मिळून केलं आहे.” दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर आणि ई. कोलाय हे तीन जंतूच निम्म्याहून जास्त आढळले आणि त्यांतले पुष्कळसे अनेक औषधांना जुमानत नव्हते. ज्या बाळांच्या रक्तात जंतू सापडला त्यांपैकी जवळजवळ निम्मी बाळे वाचली नाहीत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात बजावले होते, की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरत नाहीत, ते फक्त औषधाला सरावतात. सर्दीला दुकानातून दोन गोळ्या आणून खाणे, पाचाऐवजी दोन दिवस घेऊन उरलेल्या पुढच्या खेपेला ठेवणे, हे आपल्यापैकी कोणाच्या घरी होत नाही? माझ्या कपाटात त्या वेळी अशा तीन पट्ट्या होत्या.

जंतू कोठून आला, हे कोणीच निश्चित सांगू शकले नाही. नाळेतून आला असेल, कोणाच्या हातून आला असेल, पहिल्या दवाखान्यातूनही आला असेल. माझ्या पत्नीने नाळेला तेल आणि हळद लावली होती. तिच्या आईने तिच्या मुलांना लावली होती, तिने माझ्या चार मुलांना लावली. नाळेला काही लावू नये, कोरडी आणि उघडी ठेवावी, हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. ठाऊक असलेला माणूस घरातच होता, त्याने सांगितले नाही. तशीच मधाची गोष्ट. खजुराच्या सुन्नतीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, ते आलिमांनी सांगावे. पण बाजारच्या बाटलीतल्या मधात बोट बुडवून बाळाला चाटवणारे घरातले आणि शेजारचे मिळून सात-आठ जण होते. एक वर्षाच्या आत मूल असेपर्यंत मध देऊच नये, त्यात एका विषारी जंतूचे बीज असू शकते, असे डॉक्टर सांगतात. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात रोगाला तोंड देणारे घटक असतात. ते आमच्याकडे पिळून टाकून देत असत. निदान या खेपेस तेवढे तरी झाले नाही, रुग्णालयातल्या सिस्टरने ते पाजायला लावले होते.

एकवीस दिवस मी त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढले. माझी मुलगी दर दोन-अडीच तासांनी वाटीत दूध काढून देई, ते नळीने बाळाच्या पोटात जाई. व्हरांड्यात आमच्याबरोबर हर्णैकडचे एक कोळी कुटुंब होते, दोन कातकरी बाया होत्या, एक तरुण शिक्षक होता. डबे एकमेकांत वाटले जात. कोळ्यांच्या घरची म्हातारी रोज सकाळी माझ्या नातीसाठीही नारळ बोले. त्यांचे बाळ बाराव्या दिवशी गेले. त्या संध्याकाळी निघताना त्या म्हातारीने आपल्याकडची चटई आम्हाला देऊन ठेवली.

पैशाची बाब थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण उशीर करतात. २०११ पासून केंद्र सरकारची जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम नावाची योजना आहे. तिच्यात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण विनामूल्य आहे. आम्हाला उपचाराचे बिल आले नाही. आमचा जो काही खर्च झाला तो आमच्या खाण्यापिण्याचा आणि नातेवाइकांच्या येण्याजाण्याचा.

गडचिरोलीचे डॉ. अभय आणि राणी बंग यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांनी १९९० नंतरच्या दशकात तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच, पाच-दहा यत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. बाळ आजारी दिसले की त्या दवाखान्यात न्यायला सांगत, आणि घरच्यांनी नेले नाही तर घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूचे प्रमाण तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि आशाताई आज ज्या भेटी देते त्या याच प्रयोगाच्या आधारावर बेतलेल्या आहेत. म्हणजे माझ्या पडवीत छत्री मिटून उभी होती ती केवढ्या कामाची बाई होती, हे मला नंतर वाचून कळले.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळ घरी आले. अकीका झाला, नाव ठेवले. तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून कानाची तपासणी केली. अशा आजारानंतर ती करावीच लागते, कारण मेंदूच्या आवरणाचा दाह कानाच्या नसेलाही इजा करतो, आणि जीव वाचवणारी काही औषधेही कानाला अपाय करू शकतात. डाव्या कानाने तिला बरेच ऐकू येते. उजव्या कानाने जवळजवळ नाही. ज्या कानात मी अजान दिली तो कान. लवकर नेले असते तर कान वाचला असता का, असे मी डॉक्टरबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, “खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही.” त्यांनी ते मला बरे वाटावे म्हणून सांगितले की खरे तेच सांगितले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

ती आता शाळेत जाते. खोडकर आहे, नको ते ऐकायचे नसले की उजवा कान पुढे करते. वर्गात तिला उजव्या हाताच्या भिंतीकडे पहिल्या बाकावर बसवावे लागते, म्हणजे डावा कान बाईंकडे राहतो. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, वर्गात कोणी मूल हाक मारल्यावर वळत नसेल तर त्याला बेपर्वा म्हणण्याआधी एकदा कान तपासून घ्या.

२०२१ मध्ये माझ्या मुलीला दुसरा मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी आशाताई आली. या वेळी पडवीत माझी पत्नीच बसली होती. ती उठली, साबणाची नवी वडी आणि पाण्याचा तांब्या तिने बाहेर आणून ठेवला, आणि आशाताई हात धुईपर्यंत स्वच्छ टॉवेल धरून उभी राहिली. मग मलाही म्हणाली, “तुम्हीही धुवा. तुम्हाला काय वेगळं सांगायचं?”